राजीनामा दिल्यावरच पगार वाढत असेल, तर मुलं राजीनामाच देणार

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला तुमची एसपीएम (एकाच ठराविक कामासाठी बनवलेली खास मशीन) आणि फिक्स्चर (काम होताना पार्ट पकडून ठेवणारी साधनं) यांच्या डिझाइनची कंपनी आहे. एकूण ३४ माणसं, त्यातली १९ डिझाइनला. गेल्या दोन वर्षांत ७ डिझायनर सोडून गेले, त्यातले ५ चाकण-पुण्याकडं. मुलगा डिप्लोमा नाहीतर डिग्री करून येतो, दीड-दोन वर्षं तुमच्याकडं शिकतो, हाताशी यायला लागतो आणि निघून जातो. तुमच्या डोक्यात तीन मार्ग आहेत: सगळ्यांना सरसकट २५ टक्के वाढ, तीन वर्षांचा बॉण्ड, किंवा ड्रॉइंगमागं इन्सेन्टिव्ह. यातला कोणता घ्यावा, हा तुमचा प्रश्न.

मी २३ वर्षं या कामात आहे. पहिली ११ वर्षं वाळूजमधल्याच एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या एचआरमध्ये होतो. त्यानंतर वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यातल्या छोट्या कंपन्यांना आणि जालन्यातल्या दोन बियाणे कंपन्यांना पगाराची रचना बसवून देतोय. तरीही तुमचं पगारपत्रक मी पाहिलेलं नाही. ग्राहक तुम्हाला ४५ दिवसांत पैसे देतो की १२० दिवसांत, कामात तुम्हाला किती पैसे सुटतात, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे की भागीदारी, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. जिथं उत्तर परिस्थितीवर बदलतं तिथं तसं लिहितो.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिलेल्या दोन ओळींवर मी थांबलो. दोन मुलांनी राजीनामा टाकला, तेव्हा तुम्ही पुण्याच्या ऑफरएवढा पगार करून त्यांना थांबवलंत. तिसऱ्यानं मागितलं ते जास्त वाटलं म्हणून त्याला जाऊ दिलंत, आणि त्याच्या जागी आलेल्या माणसाला तो मागत होता त्याहून महिन्याला ३ हजार जास्त, म्हणजे ३४ हजार द्यावे लागले. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न इथं आहे. आमच्याकडं पगाराची काही ठरलेली पद्धत नाही, असं तुम्ही लिहिलंय. पण मुलांच्या नजरेतून पाहा. त्यांना एक अगदी स्वच्छ पद्धत दिसते: गप्प राहिलात तर वर्षाला ६-७ टक्के, राजीनामा टाकलात तर ३० टक्के. १९ जणांच्या खोलीत ही गोष्ट आठवड्याभरात सगळ्यांना कळते. त्यामुळे प्रत्येक हुशार मुलगा बाहेरची एक ऑफर आणून ठेवतो. आणि ऑफर हातात आली की त्यातला निम्मा मनानं गेलेलाच असतो.

कुठल्याही कंपनीत गेलो की पहिल्या तासात मी एकच काम करतो. मालक आणि अकाउंटंटला घेऊन बसतो. एका कागदावर आडव्या रेषेवर नोकरीची वर्षं, उभ्या रेषेवर हातात येणारा पगार, आणि प्रत्येक माणसासाठी एक टिंब. नावं लिहायची नाहीत, टिंबं द्यायची. चिकलठाण्यातल्या एका डिझाइन ऑफिसात आम्ही हे करत होतो. सात वर्षांच्या माणसाचं टिंब ३१,५०० वर पडलं, दहा महिन्यांपूर्वी आलेल्याचं ३४,००० वर. मालक काही बोलले नाहीत. अकाउंटंट हळूच म्हणाले, “साहेब, हा तर त्याला शिकवतो.” तो सात वर्षांचा माणूस म्हणजे त्या ऑफिसातला चालता-बोलता कॅटलॉग होता. सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, किती घ्यायचा, पार्ट आवळून धरणारा क्लॅम्प कुठून यायला हवा, कोणत्या ग्राहकाच्या ऑपरेटरला कोणत्या उंचीवर हात पोचतो, हे सगळं त्याला विचारूनच व्हायचं. मालकांनी त्याला त्याच संध्याकाळी बोलावलं, पण अकरा दिवसांपूर्वीचं ऑफर लेटर त्याच्या बॅगेत होतं. तो गेला. त्यानंतर वर्षभरात त्याच्या हाताखाली शिकलेले तिघं गेले.

ही उलटी उतरंड मला जवळजवळ प्रत्येक छोट्या कंपनीत सापडते. नवीन माणूस बाजारभावानं येतो, जुना मात्र जुन्या पगारावर टक्केवारीनं वाढत राहतो. कुणी मुद्दाम अन्याय केलेला नसतो, पण सोसणाऱ्याला तो अन्यायच वाटतो. पगार गुप्त ठेवा, म्हणजे झालं, असं मला अनेक मालक सांगतात. यावर एक चांगला अभ्यास आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांचे पगार २००८ मध्ये एका वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर उघड झाले, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कर्मचाऱ्यांना त्या यादीबद्दल मुद्दाम कळवलं आणि नंतर त्यांचं मत घेतलं. आपल्या विभागात आणि आपल्यासारख्या कामात आपला पगार मधल्या आकड्याच्या खाली आहे हे ज्यांना कळलं, त्यांचं समाधान कमी झालं आणि नवी नोकरी शोधण्याचा विचार वाढला. वर असलेल्यांच्या समाधानात फरक पडला नाही. म्हणजे एकाला जास्त दिल्याचा फायदा दिसत नाही, दुसऱ्याला कमी दिल्याचं नुकसान मात्र पुरेपूर भोगावं लागतं. आपल्याकडं तर संकेतस्थळाचीही गरज नाही. वाळूजच्या बजाजनगरला एकाच खोलीत चौघं राहतात आणि पगाराचा मेसेज एकाच दिवशी चौघांच्या मोबाइलवर येतो.

आता तुमचे तीन मार्ग. ड्रॉइंगमागं इन्सेन्टिव्हचं आधी घेतो, कारण त्यात मी स्वतः चूक केली आहे.

२००९ च्या सुमारास, मी ज्या कंपनीत होतो तिथं टूलरूमच्या डिझाइन विभागात १२ जण होते. कामं उशिरा निघत होती. मी ड्रॉइंगच्या शीटमागं पैसे देण्याची योजना लिहिली: शीटच्या आकाराप्रमाणं ४० ते १५० रुपये. पहिल्या महिन्यात शीटची संख्या जवळपास दीडपट झाली आणि मला फार आनंद झाला. दुसऱ्या महिन्यात लक्षात आलं, की आधी एका मोठ्या शीटवर बसणारी पाच डिटेल्स आता पाच छोट्या शीटवर येत आहेत. तिसऱ्या महिन्यात डी-टू या टूल स्टीलचा एक डाय ब्लॉक (साच्याचा ठोकळा) मशीनिंग होऊन, हीट ट्रीटमेंटला जाऊन ५८-६० एचआरसीला (कडकपणाचं माप) कडक होऊन परत आला, आणि असेंब्लीच्या टेबलावर कळलं की डॉवेलचं, म्हणजे जुळवणीच्या पिनेचं, एक भोक ड्रॉइंगमध्येच राहिलंय. तेवढ्या कडक ब्लॉकवर साधं ड्रिल चालत नाही. तो ईडीएमवर, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या मशीनवर, न्यावा लागला. मशीन आधीच दुसऱ्या कामात अडकलेलं होतं, तीन दिवस गेले. ड्रॉइंगवर चेकरची सही होती. चेकरलाही शीटमागं पैसे होते.

पण त्या भोकापेक्षा मोठं नुकसान मला उशिरा दिसलं. आधी एखादा ज्युनिअर अडला की सिनिअर उठून त्याच्या स्क्रीनपाशी जाऊन उभा राहायचा. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांचे आता सिनिअरला पैसे पडत होते. पाचव्या महिन्यापर्यंत कुणी कुणाच्या स्क्रीनपाशी जाईना. योजना मागं घेतली तेव्हा पगार कापल्यासारखं सगळ्यांना वाटलं, म्हणून सरासरी इन्सेन्टिव्ह मूळ पगारात घालून द्यावा लागला. एकदा सुरू केलेली रक्कम नुकसानाशिवाय मागं घेता येत नाही, हे त्या वेळी शिकलो.

कामामागं पैसे ही कल्पनाच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. एडवर्ड लाझिअर या अर्थतज्ज्ञानं अमेरिकेतल्या सेफलाइट या गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या कंपनीवरचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध केला. तासाच्या पगाराऐवजी काचेमागं पैसे सुरू केल्यावर तिथं दरमाणशी काम सुमारे ४४ टक्क्यांनी वाढलं. पण ते काम कसं आहे ते बघा. काच नीट बसली नाही तर लगेच कळतं, कुणी बसवली तेही कळतं, आणि ती त्यालाच पुन्हा बसवावी लागते. डिझाइनमधली चूक कधी असेंब्लीला कळते, कधी ग्राहकाकडं ट्रायलला, तर कधी सहा महिन्यांनी. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रोम यांनी १९९१ मध्ये हेच तर्कशुद्ध मांडून दाखवलं: एका माणसाकडं दोन कामं असतील, त्यातलं एकच मोजता येत असेल आणि पैसे फक्त त्याचेच मिळत असतील, तर न मोजलेलं काम मागं पडतं. तुमच्या धंद्यात न मोजता येणारी कामं, म्हणजे तपासणं, शिकवणं, ग्राहकाला “हे असं चालणार नाही” असं वेळेवर सांगणं, हीच तर महाग आहेत.

बॉण्डचं थोडक्यात. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ नुसार नोकरी सोडल्यावर माणसाला त्याचा व्यवसाय करण्यापासून अडवणारी अट निरर्थक ठरते, त्यामुळे “दोन वर्षं प्रतिस्पर्ध्याकडं जाणार नाही” या वाक्यावर विसंबू नका. नोकरीच्या काळातल्या किमान सेवेची अट वेगळी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेच्या बाबतीत तीन वर्षांची अट आणि ती मोडल्यास २ लाख रुपये भरण्याचं कलम वैध ठरवलं. पण सरकारी बँकेची भरतीची प्रक्रिया, तिचा खर्च, तिथले पगार आणि तुमची ३४ माणसांची कंपनी यांत अंतर आहे, आणि कलम ७४ प्रमाणं भरपाई वाजवीच असावी लागते. तुम्ही कुणाला जर्मन मशीनच्या ट्रेनिंगला पाठवलंत, त्यावर खरा खर्च केलात, तर त्या खर्चापुरता, महिन्यागणिक कमी होत जाणारा करार करा. तो न्याय्य आहे. सरसकट बॉण्ड लावला तर चांगल्या कॉलेजातली पहिल्या दहातली मुलं तुमच्याकडं येणारच नाहीत. आणि मूळ मार्कशीट किंवा सर्टिफिकेट ठेवून घेण्याचा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका. ज्या मुलाच्या घरात तो पहिला इंजिनिअर आहे, त्याच्या आईनं ती कागदपत्रं ट्रंकेत जपलेली असतात.

सरसकट २५ टक्के वाढ हा तिन्हींतला सगळ्यात प्रामाणिक विचार आहे, पण पैसा चुकीच्या ठिकाणी जाईल. उलटी उतरंड तशीच राहील, फक्त सगळी २५ टक्क्यांनी वर सरकेल. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांशी बोलून जो निष्कर्ष काढला, त्यावर पुढं टीका बरीच झाली, पण त्यातली एक गोष्ट मला माझ्या कामात सतत दिसते: अपुरा पगार माणसाला नाराज करतो, पण पुरेसा पगार आपोआप उत्साह देत नाही. वाढीचा आनंद दोन-तीन महिने टिकतो. त्यानंतर मुलगा पुन्हा त्याच प्रश्नावर येतो: “पुढं काय?”

यात पुण्याशी तुलना कशी करायची तेही सांगतो. तुमच्याकडं हातात २६ हजार आणि चाकणला ३६ हजार, असं समजा. ज्याचं घर शहरात आहे किंवा जो गंगापूरहून रोज येतो, त्याला चाकणला खोलीभाडं, मेस, ये-जा, महिन्यातून दोनदा गावाकडची फेरी धरली तर त्या १० हजारांतलं फारसं हातात उरत नाही. पण हिंगोली नाहीतर बीडहून आलेला मुलगा तुमच्याकडंही भाड्यानंच राहतो, मेसचंच जेवतो. त्याच्यासाठी चाकणचे १० हजार जवळपास पूर्ण १० हजार आहेत, आणि कापूस हातचा गेला त्या वर्षी घरी पाठवायला ते फार मोठे असतात. म्हणून “इथं खर्च कमी आहे” हे वाक्य सगळ्यांना सारखं लागू होत नाही. तुमच्या १९ जणांत घरून येणारे किती आणि भाड्यानं राहणारे किती, हे मोजा. माझ्या अनुभवात पुण्याच्या आकड्याच्या ८०-८५ टक्क्यांपर्यंत आलं की इथं राहायची इच्छा असलेली मुलं थांबतात. ज्यांना पुणं पाहायचंच आहे, त्यांना कुठलीही रचना अडवत नाही. त्यांना चांगल्या मनानं निरोप द्या. लग्न झाल्यावर, आई-वडील थकल्यावर त्यातले काही परत येतात, आणि परत आलेला माणूस सहसा टिकतो.

इथवरचं एका ओळीत: वेग वाढवायला ड्रॉइंगचे पैसे नकोत, अडवायला बॉण्ड नको, आणि वाढ द्यायची तर आधी वाकडं झालेलं सरळ करायला.

आता मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं.

सगळ्यात आधी पायऱ्या लिहिल्या असत्या, आणि त्या एचआरच्या भाषेत न लिहिता तुमच्या टेबलावरच्या भाषेत. पहिली पायरी: तयार मॉडेलवरून डिटेल ड्रॉइंग काढतो, त्याचं सगळं काम तपासावं लागतं. दुसरी: साधं वेल्डिंग किंवा मशीनिंग फिक्स्चर बीओएमसकट (लागणाऱ्या सगळ्या पार्टच्या यादीसकट) एकट्यानं पूर्ण करतो, आणि अमुक टॉलरन्स (मापात चालणारा फरक) का दिला असं विचारलं तर कारण सांगतो. तिसरी: ग्राहकाच्या पार्ट ड्रॉइंगवरून कन्सेप्ट मांडतो, लोकेशन आणि क्लॅम्पिंग स्वतः ठरवतो, डिझाइन अप्रूव्हलच्या मीटिंगला एकटा जाऊन येतो. चौथी: न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा), सेफ्टी, सायकल टाइम (एका पार्टला लागणारा वेळ) यांसह पूर्ण एसपीएम पेलतो आणि दोघांना तयार करतो. पाचव्या पायरीला दोन फांद्या: एक प्रकल्प आणि माणसं सांभाळणाऱ्याची, दुसरी मुख्य डिझायनरची. दोन्हींचा पगार सारखा. हा दुसरा रस्ता नसला की चांगल्या डिझायनरला पगारासाठी मॅनेजर व्हावं लागतं. मग तुमच्या हातून डिझायनर जातो आणि मॅनेजरही कच्चाच मिळतो.

प्रत्येक पायरीला पगाराची एक पट्टी. नमुना म्हणून: १८ ते २३ हजार, २४ ते ३१, ३२ ते ४३, ४५ ते ६०, आणि ६५ च्या पुढं. तुमचे आकडे तुमच्या कामातल्या नफ्यावर ठरतील. हा कागद सगळ्यांना दाखवायचा. कुणाचा नेमका पगार किती हे सांगायची गरज नाही. पायऱ्या आणि पट्ट्या मात्र उघड हव्यात. पहिली तीन वर्षं दर सहा महिन्यांनी बसायचं, नंतर वर्षातून एकदा. आणि एक शब्द पाळायचा: पायरीचं काम जमतंय असं ठरलं, की पुढच्या महिन्याच्या पगारात नव्या पट्टीचा आकडा दिसला पाहिजे. मागावं लागता कामा नये. दीड वर्षाच्या मुलाला “तिसऱ्या पायरीला ३२ पासून सुरुवात आहे, आणि तुला फक्त कन्सेप्टचं काम शिकायचं राहिलंय” हे कळलं, की चाकणच्या ३६ कडं तो वेगळ्या नजरेनं बघतो. मुलं आजच्या पगारापेक्षा पुढचा पगार दिसत नाही म्हणून जास्त जातात, असं माझं ठाम मत झालंय.

पदाच्या नावाचाही विचार करा. आपल्याकडं मुलाच्या लग्नाच्या बायोडेटावर पद लिहिलं जातं, आणि “डिझायनर” व “सिनिअर डिझाइन इंजिनिअर” यांत घरच्यांना फरक वाटतो. त्या मानाचा खर्च काहीच नाही. फक्त पायरीशिवाय फुकट वाटू नका.

माणसांना एकापासून १९ पर्यंत क्रमांक लावणं, किंवा “दोघं खालच्या गटात टाकायचेच” असा कोटा ठेवणं टाळा. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनं २०१३ मध्ये ती पद्धत सोडली. १९ जणांच्या खोलीत तिचा अर्थ एवढाच होतो, की शेजाऱ्याला शिकवलं तर माझा क्रमांक घसरेल.

बदलता भाग लहान ठेवा, वार्षिक पगाराच्या ८-१० टक्के, आणि तो प्रकल्पाच्या टीमला द्या. मोजायचं तेही टीमच्या हातातलं: ग्राहकाकडं ट्रायल ठरल्या तारखेला झाली का, आणि ड्रॉइंगच्या चुकीमुळं किती पार्ट पुन्हा करावे लागले. ट्रायलवर ग्राहकाची सही झाली की महिन्याभरात पैसे खात्यात. वर्षाअखेरीला एकत्र दिलेला बोनस कशाचा होता ते कुणालाच आठवत नाही. ग्राहकाचे पैसे येईपर्यंत थांबायची अट मला पसंत नाही, कारण वसुली डिझायनरच्या हातात नसते. पण तुमचा ग्राहक खरोखरच १२० दिवस लावत असेल तर रक्कम कमी ठरवा, पण दिलेली तारीख पाळा.

टिकून राहण्यासाठीचे पैसे वेगळे. इथं बहुतेक जण “तीन वर्षं पूर्ण झाली की १ लाख” अशी योजना करतात. त्यानं तीन वर्षं मिळतात आणि सदतिसाव्या महिन्यात माणूस जातो. मी साठता बोनस सुचवतो. दुसऱ्या पायरीपासून पुढं, वर्ष पूर्ण झालं की माणसाच्या नावावर समजा ४० हजारांची नोंद आणि तसं पत्र. ती रक्कम हातात येते दोन वर्षांनी. त्यामुळं तिसऱ्या वर्षाअखेरीपासून दरवर्षी एक रक्कम मिळते आणि दोन मागं शिल्लक राहतात. कधीही सोडलं तर काहीतरी मागं राहतं, पण कोंडल्यासारखं वाटत नाही. एक अट स्वतःवर घाला: गैरवर्तनाशिवाय तुम्ही कुणाला काढलंत तर नोंदलेली सगळी रक्कम द्यायची.

पगाराच्या कागदावर प्रामाणिकपणा ठेवा, ही कळकळीची विनंती. ऑफर लेटरवर सीटीसी, म्हणजे माणसावरचा कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च, ४ लाख २० हजार असतं, गावाकडं वडील त्याला बारानं भागतात, ३५ हजार येतात. पहिल्या महिन्यात खात्यात २७-२८ हजार पडतात. मालकाचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, वार्षिक बोनस, सगळं त्यात धरलेलं असतं. मुलाला पहिल्याच महिन्यात फसवल्यासारखं वाटतं. हातात येणारा आकडा ऑफर लेटरवर ठळक लिहा, बाकीचं त्याखाली. ग्रॅच्युइटीचा हिशोबही एकदा समजावून सांगा: शेवटचा मूळ पगार २० हजार असेल आणि पाच वर्षं झाली असतील, तर २० हजार गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे ५७,६९२ रुपये. चौथ्या वर्षात घासाघीस करणाऱ्या कितीतरी मुलांना हा आकडा माहीतच नसतो. मूळ पगार मुद्दाम कमी दाखवायची जुनी पद्धतही आता चालणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये भत्ते वगैरे एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर जास्तीची रक्कम वेतनातच मोजली जाते. नव्या पट्ट्या आखताना तुमच्या सीएला बरोबर घेऊन बसा.

शेअर देऊ का, असंही तुम्ही विचारलंय. कंपनी विकण्याचा किंवा बाहेरचा गुंतवणूकदार घेण्याचा विचार नसेल तर नको. त्या कागदाचे पैसे कधी होणार हे मुलाला दिसत नाही. त्याऐवजी चौथ्या-पाचव्या पायरीच्या तीन-चार जणांना नफ्यातला ठरलेला वाटा द्या, आणि तो कसा काढला ते आकडे समोर ठेवून सांगा. नफ्याचे आकडे दाखवायची तयारी नसेल तर ही योजना सुरूच करू नका.

पगार ठरल्या तारखेला. कायदा ७ तारखेपर्यंतची मुभा देतो, पण मुलांचे हप्ते ५ तारखेला जातात. १ तारखेचा नेम धरा.

पगाराबाहेरची एकच गोष्ट सांगतो, कारण तिचा परिणाम मी सगळ्यात जास्त पाहिलाय. ज्यानं डिझाइन केलं त्याला ट्रायलला न्या. शेंद्र्यातल्या एका कंपनीत दोन वर्षं फक्त स्क्रीनवर काम केलेली एक मुलगी पहिल्यांदा ग्राहकाच्या लाइनवर गेली. तिनं काढलेल्या फिक्स्चरमध्ये ऑपरेटरनं पार्ट बसवला, क्लॅम्प बंद झाला, सायकल सुरू झाली. ऑपरेटरनं तिला सांगितलं, “मॅडम, जुन्याला दोन हात लागायचे, हे एका हातानं होतंय.” परत येताना गाडीत ती पूर्ण वेळ पुढच्या फिक्स्चरबद्दल बोलत होती. आज ती तिथं चौथ्या पायरीवर आहे, मधे बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा घेऊन परत आली आणि तिची पायरी तशीच तिची वाट पाहत होती. रजेवरून परतलेल्या मुलींचा पगार गोठवणाऱ्या कंपन्यांतून उत्तम डिझायनर कायमच्या घरी बसलेल्या मी पाहिल्यात.

पैसा कुठून आणायचा? समजा तुमच्याकडं सहा जुने लोक मागं पडलेत आणि प्रत्येकाला सरासरी ५ हजारांची दुरुस्ती लागते. वर्षाला ३ लाख ६० हजार. आता एका माणसाच्या जाण्याचा हिशोब: नव्याला महिन्याला ३ हजार जास्त, म्हणजे वर्षाचे ३६ हजार, प्लेसमेंटवाल्याला एक पगार, ३४ हजार, पहिले चार महिने निम्मंच काम, ६८ हजार. झाले १ लाख ३८ हजार, आणि यात शिकवणाऱ्याचा वेळ आणि चुकलेले पार्ट धरलेलेच नाहीत. दोन वर्षांत ७ म्हणजे वर्षाला साडेतीन माणसं. ४ लाख ८३ हजार तुम्ही आजही खर्च करताय, फक्त तो खर्च वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेला आहे. सगळी दुरुस्ती एकदम झेपत नसेल तर सहा-सहा महिन्यांच्या दोन हप्त्यांत करा, पण दुसऱ्या हप्त्याची तारीख लेखी द्या.

हे सगळं बसवायला तुम्हाला चार-पाच महिने लागतील. टिंबांचा कागद मात्र याच आठवड्यात करा. त्यावर पाच वर्षांच्या पुढं असूनही नव्या माणसाच्या खाली जे टिंब असेल, त्या माणसाला इन्क्रिमेंटच्या महिन्याची वाट न पाहता बोलावा. “तुझा पगार मागं राहिला हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. या महिन्यापासून इतका, आणि दिवाळीपासून इतका,” एवढंच सांगा आणि तिथंच पत्र हातात द्या. मग पायऱ्यांचा मसुदा त्याच्यासमोर ठेवा आणि तिसऱ्या पायरीवर काय यायला हवं ते त्यालाच लिहायला सांगा. चिकलठाण्याच्या मालकांना अकरा दिवस उशीर झाला होता, तुमच्या माणसाच्या बॅगेत लेटर अजून आलेलं नसेल, अशी मला आशा आहे. कागद झाला की असे लोक किती निघाले तो आकडा कळवा, म्हणजे पट्ट्या कुठून सुरू करायच्या ते नेमकं सांगता येईल.